खाज थांबली म्हणजे नायटा गेला का?

पावसाळ्याचे दोन महिने सरले की औषधाच्या दुकानात एक मागणी हमखास ऐकू येते. गिऱ्हाईक आजूबाजूला कोणी ओळखीचे नाही ना, हे पाहून हळूच म्हणते, "खाजेची ट्यूब द्या, लवकर गुण येणारी." खाज कुठे आहे, किती दिवसांची आहे हे दुकानदार विचारीत नाही. विचारणे त्यालाही अवघड वाटते आणि सांगणे गिऱ्हाइकालाही. फळीवरची एक ट्यूब खाली येते. दोन दिवसांत खाज थांबते, आठ दिवसांत लाली मावळते आणि उरलेली ट्यूब फडताळात जाते. महिन्याभरात नायटा पुन्हा उगवतो, या वेळी पहिल्यापेक्षा मोठा. पुन्हा तीच ट्यूब आणली जाते. असे वर्ष-दीड वर्ष झाले की मंडळी त्वचेच्या डॉक्टरांकडे येतात. तोवर रुपयाएवढा डाग जांघेतून कमरेपर्यंत पोचलेला असतो आणि घरातल्या आणखी दोघांनाही लागण झालेली असते.

रुग्णाचे म्हणणे एकच असते. "डॉक्टर, पहिल्यांदा लावले तेव्हा किती छान गुण आला होता!" हा गुण कशाचा होता, हे आज समजून घेऊ.

नायटा, दाद, गजकर्ण ही एकाच दुखण्याची नावे. हा रक्तातला दोष नव्हे, उष्णताही नव्हे. ती एक बुरशी आहे. आपल्या कातडीच्या सर्वांत वरच्या मृत थरात, केसांत आणि नखांत केराटिन नावाचे प्रथिन असते. ते खाऊन ही बुरशी जगते. घाम, ओल आणि घट्ट कपडे मिळाले की ती फोफावते. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांमध्येही पुष्कळदा हिचाच हात असतो. पाठीवर आणि छातीवर येणारी पांढरी-तपकिरी शिबे मात्र वेगळ्या बुरशीची.

नायट्याचा आकार गोल का असतो? बुरशी मध्यभागी रुजते आणि चहूबाजूंनी बाहेर सरकत जाते. शरीर गप्प बसत नाही. परका जीव आला आहे हे ओळखून त्या जागी रक्तपुरवठा वाढतो, पांढऱ्या पेशी गोळा होतात, कातडीचे थर नेहमीपेक्षा लवकर तयार होऊन कोंड्यासारखे झडू लागतात आणि त्यांच्याबरोबर बुरशीही झडते. यालाच आपण दाह म्हणतो. लाली, सूज, आग, खाज ही त्याचीच रूपे. म्हणून नायट्याची कड लाल आणि उठलेली असते, तर मधला भाग बराचसा निवळलेला दिसतो. लढाई कडेवर चालू असते. खाज आपल्याला नकोशी वाटते हे खरे, पण ती शरीराच्या प्रतिकाराबरोबर आलेली असते.

ट्यूबमधले दुसरे औषध

दुकानातून मागून आणलेल्या पुष्कळशा ट्यूब मिश्र असतात. एकात तीन, कधी चार औषधे. त्यांत एक बुरशीवरचे, एक जंतूंवरचे आणि एक स्टेरॉईड. दोन दिवसांत येणारा तो 'छान गुण' बहुतांशी या स्टेरॉईडचा असतो.

स्टेरॉईड वाईट औषध आहे असा समज करून घेऊ नका. १९५२ साली अमेरिकेत सुल्झबर्गर आणि विटन या डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिझोन कातडीवर लावून इसबाच्या रुग्णांना आराम दिला, तेव्हापासून त्वचारोगांच्या उपचाराचे स्वरूपच पालटले. इसब आणि सोरायसिस यांसारख्या आजारांत आजही स्टेरॉईड मलमावाचून पान हलत नाही. या आजारांत दाह हाच आजार असतो. नायट्यात दाहाच्या मागे एक जिवंत बुरशी बसलेली असते. स्टेरॉईड दाह दाबते, पांढऱ्या पेशींना माघारी धाडते, आणि बुरशीला रान मोकळे मिळते. वरून सारे शांत दिसते, आत पसरणे चालूच राहते. कड पुसट होते, गोल आकार मोडतो आणि डाग असा काही विचित्र दिसू लागतो की जाणकार डॉक्टरही क्षणभर चकावा. १९६८ साली आयव्ह आणि मार्क्स या ब्रिटिश डॉक्टरांनी अशा रुग्णांचे वर्णन केले आणि या अवस्थेला वेष पालटलेला नायटा अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. पन्नास वर्षांहून जुनी ही गोष्ट, आज आपल्याकडे रोजची झाली आहे.

"पण त्यात बुरशीचेही औषध असते ना?" असा प्रश्न एखादा चौकस वाचक विचारील. असते. परंतु ट्यूब लावली जाते ती खाज असेपर्यंत, आणि स्टेरॉईडमुळे खाज बुरशी मरण्याच्या आधीच थांबते. म्हणजे औषध अर्ध्यावर बंद करण्याची सोय ट्यूबमध्येच करून ठेवलेली असते. शिवाय या ट्यूबमधले स्टेरॉईड पुष्कळदा क्लोबेटासोलसारखे, सर्वांत जहाल वर्गातले असते.

साध्या मलमाचा दुहेरी गुण

फारसे कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट आता सांगतो. नुसत्या बुरशीनाशक मलमालाही दाह कमी करण्याचा स्वतःचा गुण आहे. लाली आणि खाज शमविण्यासाठी प्रत्येक वेळी त्यात स्टेरॉईड मिसळावेच लागते असे नाही.

या औषधांचे मुख्य काम बुरशी मारण्याचे. बुरशीच्या पेशीभोवती जे आवरण असते त्यात अर्गोस्टेरॉल नावाचा घटक लागतो. माणसाच्या पेशीत त्याऐवजी कोलेस्टेरॉल असते. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, केटोकोनाझोल, ल्युलिकोनाझोल ही 'झोल' घराण्यातली औषधे अर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या एका पायरीवर आडवी येतात, टर्बिनाफिन आणि नॅफ्टिफिन ही त्याच्या आधीच्या एका पायरीवर. आवरण कच्चे राहिले की बुरशीची वाढ खुंटते किंवा ती मरते. बुरशीच गेली की दाहाचे कारणही गेले. पण यात काही दिवस जातात.

याखेरीज ही औषधे दाहाच्या साखळीतही हात घालतात असे आढळले आहे. कातडीला इजा झाली की पेशींच्या आवरणातून एक स्निग्ध आम्ल सुटते आणि त्यापासून दोन वाटांनी दाह निर्माण करणारी रसायने बनतात. एका वाटेने प्रोस्टाग्लँडिन, दुसऱ्या वाटेने ल्युकोट्राईन. आपली नेहमीची ॲस्पिरिन पहिली वाट अडवते. केटोकोनाझोल दुसरी वाट अडवते, हे १९८०च्या दशकातच दिसून आले होते. सायक्लोपिरॉक्स नावाचे औषध दोन्ही वाटांवर परिणाम करते. नॅफ्टिफिनमुळे पांढऱ्या पेशींची दाहाच्या जागी होणारी धाव मंदावते.

यावर कोणी म्हणेल की बुरशी मेल्यामुळेच लाली गेली असेल, त्यात औषधाचा वेगळा गुण कसला? शंका रास्त आहे. १९९७ साली अमेरिकेतून एक छोटा पण सुरेख प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात याचे उत्तर मिळते. कातडीवर अतिनील किरण टाकून मुद्दाम लाली आणली गेली, उन्हाने भाजते तशी. तिथे बुरशीचा संबंधच नव्हता. तरीही बुरशीनाशक मलमांनी ती लाली कमी झाली. टर्बिनाफिन, नॅफ्टिफिन आणि सायक्लोपिरॉक्स यांचा गुण त्यात विशेष उठून दिसला. पुढे २००८ साली सर्टाकोनाझोल या औषधाचाही असाच गुण, निराळ्या मार्गाने चालणारा, प्रयोगशाळेत दाखविण्यात आला.

डोक्यातल्या चिकट कोंड्यावर केटोकोनाझोलचा शांपू वापरल्यावर खाज आणि लालीही उतरते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. तिथेही हा दुहेरी गुण उपयोगी पडत असावा.

मात्र यातून भलता अर्थ काढू नये. हा गुण सौम्य आहे, जहाल स्टेरॉईडची बरोबरी त्याने होणार नाही. इसबावर, उन्हाने काळवंडलेल्या चेहऱ्यावर किंवा डास चावल्यावर बुरशीचे मलम लावीत बसण्यात काही हशील नाही. सोलवटलेल्या, चिघळलेल्या कातडीवर ही मलमे झोंबतातही, आणि क्वचित एखाद्याला त्यांचीच ॲलर्जी होऊन लाली उलट वाढते. तसे झाले तर मलम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. खाज असह्य असेल तर रात्री घेण्याची ॲलर्जीवरची गोळी डॉक्टर देऊ शकतात. फारच सूज असेल तर थोडे दिवस सौम्य स्टेरॉईड देण्याचा निर्णयही ते घेतील. तो निर्णय त्यांचा, दुकानाच्या फळीवरचा नव्हे.

मिश्र मलमांची बाजूही मांडली पाहिजे. २०१४ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने अंगावरच्या आणि जांघेतल्या नायट्यावरील मलमांच्या १२९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. 'झोल' आणि स्टेरॉईड यांच्या मिश्रणाने रुग्ण डोळ्यांना किंचित अधिक बरे दिसले. बुरशी खरोखर नाहीशी झाली का, हे तपासले तेव्हा मात्र नुसत्या 'झोल'मध्ये आणि मिश्रणात फरक आढळला नाही. म्हणजे स्टेरॉईडने दिसण्यात भर घातली, बुरशीच्या बाबतीत काही नाही. आणि चाचण्यांमध्ये औषध ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली दिले जाते. आपल्याकडे तीच ट्यूब वर्षभर, घरातले पाच जण मिळून वापरतात.

जांघ ही सर्वांत नाजूक जागा

स्टेरॉईड शरीराच्या सर्व भागांतून सारखे मुरत नाही. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख या अमेरिकी संशोधकांनी हे मोजून पाहिले. कोपराखालच्या हातातून जितके हायड्रोकॉर्टिझोन आत जाते त्याच्या सुमारे ६ पट कपाळातून आणि ४२ पट अंडकोशाच्या कातडीतून जाते. नायटा सर्वांत अधिक होतो जांघेत आणि ट्यूबही तिथेच लावली जाते. काही महिन्यांत कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात आणि मांडीवर रुंद भेगांसारखे पट्टे उमटतात, गरोदर बाईच्या पोटावर असतात तसे. हे पट्टे पुसट होतात, जात नाहीत. विशीतली मुले ते दाखवून "हे कधी जाईल?" असे विचारतात तेव्हा उत्तर देणे कठीण होते. तान्ह्या मुलांच्या लंगोटाच्या जागी अशी ट्यूब लावणे तर फारच धोक्याचे. बाळाच्या अंगात औषध अधिक मुरते आणि शरीरातल्या स्वाभाविक संप्रेरकांवर त्याचा परिणाम होऊ शकतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर चिवट नायट्याची जी साथ पसरली तिची कारणे अनेक आहेत. स्टेरॉईडमिश्रित मलमांचा बेछूट वापर हे त्यांतले एक मोठे कारण असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. याच काळात बुरशीही बदलली. २०२० साली जपानमधील संशोधकांनी एका बुरशीला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव दिले. नावातच आपल्या देशाचा उल्लेख आहे, अभिमान वाटावा असा मात्र नाही. या बुरशीच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे एकेकाळचे हुकमी औषध चालत नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्येही हिचे दोन रुग्ण आढळल्याचे तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने जाहीर केले.

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने बाह्य वापराची स्टेरॉईड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या 'एच' यादीत आणली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत त्वचेवरची काही मिश्र मलमेही होती. तरीही चिठ्ठीवाचून ट्यूब मिळणे थांबलेले नाही, हे वाचकांना ठाऊक आहेच.

ट्यूब कशी ओळखावी?

ट्यूबवरचे मोठे छापील नाव सोडून द्या. त्याखाली बारीक अक्षरांत घटकांची यादी असते, चष्मा लावून ती वाचा किंवा शाळेत जाणाऱ्या नातवाला वाचायला सांगा. शेवटी 'सोन', 'सोल' किंवा 'लोन' असलेली नावे बहुधा स्टेरॉईडची: बीटामेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. शेवटी 'झोल' किंवा 'फिन' असलेली बहुधा बुरशीवरची. 'सोल' आणि 'झोल' यांत गफलत होते. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एस आहे की झेड, ते पाहावे. ऑर्निडाझोल 'झोल' असूनही नायट्याचे औषध नव्हे, तेही काही मिश्रणांत घातलेले असते. ट्यूबवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीवाचून घ्यायचे नाही असे समजावे.

नुसते बुरशीनाशक मलम मिळाले तरी ते लावण्याची रीत महत्त्वाची. अंघोळीनंतर जागा पूर्ण कोरडी करावी. डागाच्या कडेबाहेर दोन बोटे, म्हणजे अडीच-तीन सेंटिमीटर, लांबपर्यंत पातळ थर द्यावा, कारण बुरशी दिसते त्यापुढे पोचलेली असते. शक्यतो बाहेरून आत लावत यावे. बहुतेक मलमे दिवसातून दोनदा लावायची असतात, ल्युलिकोनाझोल एकदा. कातडी स्वच्छ दिसू लागल्यावरही निदान दोन आठवडे पुढे लावावे.

किती मलम लागते याचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. दोन्ही जांघा धरल्या तर जागा साधारण एवढी भरतेच. दिवसातून दोनदा म्हणजे एक ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपली पाहिजे आणि चार-सहा आठवड्यांच्या उपचाराला अशा दोन-तीन ट्यूब लागणार. एकच ट्यूब सहा महिने पुरवली असेल तर उपचार झालाच नाही.

घरात एकापेक्षा अधिक जणांना नायटा असेल तर सर्वांचा उपचार एकाच वेळी व्हायला हवा. टॉवेल, आतले कपडे, अंथरूण वेगवेगळे ठेवावे. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात उलटे करून वाळवावेत आणि पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी. जीन्स आणि नायलॉनचे कपडे काही दिवस बाजूला ठेवलेले बरे. ओला करगोटा किंवा कमरेचा गंडा हा बुरशीचा आवडता मुक्काम. त्याचे काय करायचे ते ज्याने त्याने ठरवावे, पण निदान तो कोरडा ठेवावा.

लसूण चोळणे, चुना, रॉकेल किंवा बॅटरीतले पाणी लावणे यांनी कातडी भाजते आणि नवे दुखणे उभे राहते. टाकळ्याच्या बियांचा लेप आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पण आजच्या चिवट नायट्यात त्याच्यावर विसंबून दिवस घालवू नयेत. सरकारी दवाखान्यात मिळणारे व्हिटफिल्डचे मलम, म्हणजे ६ टक्के बेंझोइक आम्ल आणि ३ टक्के सॅलिसिलिक आम्ल, जुने आणि स्वस्त औषध आहे. ते जांघेत मात्र झोंबते.

ज्यांनी मिश्र ट्यूब महिनोन्‌महिने वापरली आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती बंद केल्यावर पहिले काही दिवस लाली आणि खाज उसळते. "नवे औषध लागू पडले नाही" असे वाटून बरेच जण पुन्हा जुन्या ट्यूबकडे वळतात. तसे करू नये. या दिवसांत डॉक्टरांच्या संपर्कात राहावे. नायटा अंगभर असेल, चेहऱ्यावर, डोक्यात किंवा नखांत असेल, मधुमेह असेल किंवा बाई गरोदर असेल तर नुसत्या मलमाच्या भरवशावर राहू नये. पोटात घ्यायच्या गोळ्या मित्राच्या चिठ्ठीवरून घेऊ नयेत. त्यांतल्या काहींचा यकृतावर परिणाम होतो.

डॉक्टरांकडे जाताना घरात असतील तेवढ्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्याव्यात, अर्ध्या रिकाम्या झालेल्यासुद्धा. त्या दिवशी सकाळी डागावर काहीही लावू नये. डागाची कड हलकेच खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साईडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशीचे तंतू दिसतात. तपासणी साधी आहे, दुखत नाही आणि थोड्याच वेळात होते. ती करून घेण्याचा आग्रह रुग्णाने स्वतः धरला तरी चालेल.